इंद्रगोप आणि शेव्याची माती

मृगाचा पहिला जोरकस पाऊस पडून जावा, तापलेली जमीन निवावी आणि ढगांतून उन्हाची एखादी तिरीप बाहेर यावी, कीं न्हावा-शेव्याकडील टेकड्यांच्या उतारावर करवंदीच्या जाळ्यांखालून एक तांबडा जीव हळूहळू चालत बाहेर येतो. आकारानें तुरीच्या दाण्याएवढा, क्वचित् त्याहून मोठा. अंग असें लोंवदार कीं कोणीं मखमलीचा कपटा कातरून गवतावर टाकला आहे असा भास व्हावा. बोट लावलें तर पाय आंखडून निपचित पडतो आणि थोड्या वेळानें पुन्हा चालूं लागतो. मुलें त्यास काड्यांच्या पेटींत ओल्या गवतासह कोंडून ठेवतात. मोठीं माणसें 'मिरगाचा किडा निघाला' एवढें म्हणून पेरणीच्या कामास लागतात. थोड्याच दिवसांत तो दिसेनासा होतो, आणि मग वर्षभर त्याची कोणास आठवण राहत नाहीं.

एवढ्याशा जीवास इतिहास तो काय असणार, असें वाचकांस वाटेल. परंतु ह्याच्याइतकी जुनी परंपरा आमच्या फारच थोड्या राजघराण्यांना दाखवितां येईल. संस्कृतांत ह्याचें नांव इंद्रगोप. बृहदारण्यकोपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायांत पुरुषाचें रूप सांगतांना ऋषीनें ज्या उपमा एकामागून एक दिल्या आहेत, त्यांत रंगविलेलें वस्त्र, पांढुरकी लोंकर, अग्नीची ज्वाला, श्वेत कमळ आणि विजेची चमक ह्यांच्या पंक्तीस इंद्रगोपाला बसविलें आहे. ब्रह्मविद्येच्या विवेचनांत ज्याचा दृष्टान्त चालतो, तो जीव श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा असला पाहिजे हें उघड आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडांत माल्यवान पर्वतावर पावसाळा कंठणारा राम लक्ष्मणास नवी हिरवळ दाखवितो. तींत मधूनमधून चमकणारे बाल इंद्रगोप पाहून त्यास लाखेचे ठिपके उठविलेली पोपटी कांबळ पांघरलेली स्त्री आठवते. कालिदासाचा पुरूरवा तर विरहानें इतका भ्रमिष्ट झालेला, कीं 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकांत त्यास उर्वशीचें गळून पडलेलें हिरवें वस्त्रच सांपडल्यासारखें वाटतें. जवळ जाऊन पाहतो तों इंद्रगोपांनीं ठिपकलेलें कोवळें गवत! वैद्यांनींही हा जीव सोडला नाहीं. शरीरांतील निर्दोष रक्त कसें ओळखावें हें सांगतांना सुश्रुत आणि चरक ह्या दोघांनींही इंद्रगोपाच्या रंगाचा दाखला दिला आहे. माझ्या मतें ह्या सर्वांत वैद्यांचा उल्लेख अधिक मोलाचा आहे. कवीस रंग शोभेपुरता पाहिजे असतो; वैद्यास तो चुकून चालत नाहीं.

ह्या उल्लेखांत एक गोष्ट मात्र समान आहे. सर्वांनीं तो जीव पाहिला तो पहिल्या पावसाच्या दिवसांत, गवतावर आणि रंगाकरितां. तो खातो काय, आणि उरलेले अकरा महिने राहतो कोठें, ह्याची विचारपूस ह्यांपैकीं एकाही ठिकाणीं नाहीं.

पाश्चात्य पंडितांच्या हातीं तो गेला तेव्हां तर प्रकरण आणखीच घोंटाळ्याचें झालें. मॅक्स म्यूलर साहेबांनीं १८८४ सालीं बृहदारण्यकाचें भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांत इंद्रगोपाच्या जागीं 'कोचिनील' हा शब्द घातला. मोनिअर विल्यम्सच्या कोशांतही तोच अर्थ दिलेला आहे. आतां कोचिनील हा निवडुंगाचा रस शोषून जगणारा, अमेरिकेंत जन्मलेला कीटक. मेक्सिकोंतील लोक त्यापासून किरमिजी रंग काढीत, आणि स्पॅनिश लोकांनीं तो देश जिंकल्यावर सोळाव्या शतकांत तो रंग युरोपांत आला. उपनिषत्कालीन ऋषीस अमेरिकेंतील कीटक ठाऊक असणें कसें संभवतें, हा विचार कोशकारांच्या मनास शिवलेला दिसत नाहीं. हिंदुस्थानांत हा कीटक आला तो १७९५ सालीं, तोही कंपनी सरकारच्या रंगाच्या लोभानें. जी जात आणली ती रंगाच्या कामास फारशी उपयोगी पडली नाहीं; पण तिनें एका जातीचा निवडुंग मात्र ठिकठिकाणीं फस्त केला! ह्या चुकीबद्दल एकट्या संस्कृतज्ञांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. खुद्द लिनीअसनें १७६७ सालीं ह्याच कुळांतील एका मोठ्या जातीस नांव देतांना 'रंगाऱ्याच्या उपयोगाचा' अशा अर्थाचें विशेषण जोडलें. तांबडें दिसलें कीं त्यापासून रंग निघालाच पाहिजे, ही समजूत दोन्ही खंडांत सारखीच दृढ होती. १९७८ सालीं सीगफ्रीड लीनहार्ड ह्या पंडितानें इंद्रगोप ह्या एकाच शब्दावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्या जीवाची खरी ओळख आतां अशी ठरली आहे कीं, इंद्रगोप हा कीटक नव्हेच. त्यास आठ पाय असतात आणि त्याचें गोत्र गोचीड, विंचू आणि जाळें विणणारा कोळी ह्यांचें आहे. आमच्या शेतकी खात्याच्या पत्रकांत ह्या सूक्ष्म अष्टपादांस सरसकट 'कोळी' म्हणतात. ह्या लेखांत मीही तोच शब्द वापरणार आहें. पुढें शेव्याच्या दर्यावर्दी कोळ्यांचाही विषय निघावयाचा आहे, तेव्हां वाचकांनीं दोघांची गल्लत करूं नये म्हणजे झालें.

आतां ह्या मखमली कोळ्याचा खरा व्यवसाय पाहूं. तो शिकारी आहे. मादी जमिनींत अंडीं घालते. त्यांतून निघालेल्या पिलास सहाच पाय असतात, आणि तें नाकतोडे, माशा वगैरे कीटकांच्या अंगास चिकटून त्यांच्या रसावर वाढतें. हाच त्याचा प्रवासाचा काळ. पंख नसलेल्या ह्या जीवास दूर जाण्याचें दुसरें वाहन नाहीं. पोट भरल्यावर पिलूं गळून पडतें, मातींत शिरतें आणि कात टाकून अष्टपाद होतें. तेथून पुढें तें कोणाच्या अंगावर जगत नाहीं. किड्यांचीं अंडीं आणि मऊ अंगाचे लहानसहान जीव मारून खातें. मोठ्या जातींचें आवडतें खाद्य म्हणजे वाळवी. पहिल्या पावसानंतर वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे बाहेर पडतात, थोडें उडून पंख टाकतात आणि जमिनीवर सरपटूं लागतात. नेमक्या त्याच वेळीं कोळीही वर येतो. ह्या योगायोगाचा कसून अभ्यास झाला तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी झुडुपांच्या प्रदेशांत. टेव्हिस आणि न्यूएल ह्या दोन संशोधकांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तेथील मखमली कोळ्याचें वर्ष कसें जातें हें दाखविलें. मुबलक पाऊस पडून गेल्यावर थोडे तास तो जमिनीवर येतो, वाळवी खातो, जोडीदार शोधतो आणि पुन्हा वाळूंत बीळ करून आंत जातो. वर्षांतील बाकीचा सारा काळ भूमिगत. आमच्या कवींनीं ज्यास वर्षाऋतूचें भूषण मानलें, तो वस्तुतः वर्षभराचा उपवास सोडण्याकरितां बाहेर आलेला असतो!

इंद्रगोप हा दिसणारा म्हणून प्रसिद्धि पावला. त्याचे न दिसणारे भाऊबंद किती आहेत ह्याचा अंदाज मनुष्यास आला तो विसाव्या शतकांत, आणि तोही एका साध्या नरसाळ्यामुळें. इटलींतील फ्लॉरेन्स येथें शेतकी कीटकशास्त्राचें काम करणारा अंतोनियो बर्लेसे (१८६३-१९२७) ह्यानें १९०५ सालीं ही युक्ति काढली. नरसाळ्यावर चाळण ठेवून तींत माती व पालापाचोळा घालावयाचा आणि नरसाळ्याभोंवतीं ऊन पाणी खेळवून आंतील माती हळूहळू वाळवावयाची. मातींतले जीव ओलाव्याच्या शोधांत खालीं खालीं सरकतात आणि शेवटीं नरसाळ्याच्या तोंडांतून खालच्या मद्यार्काच्या बाटलींत पडतात. पुढें १९१८ सालीं स्वीडनमधील टुल्ग्रेन ह्यानें ऊन पाण्याऐवजीं वर विजेचा दिवा लावला. आजही जगभर मातींतील जीव ह्याच रीतीनें मोजतात. ह्या नरसाळ्यानें जे आंकडे दाखविले ते चकित करणारे होते. समशीतोष्ण देशांतील अरण्याच्या एका चौरस मीटर मातींत कोळ्यांची संख्या लाखाच्या वर सहज जाते. त्यांतील बहुसंख्य कुजका पाला व बुरशी खाऊन राहणारे गरीब जीव, शिकारी थोडे. गांवांत शेतकरी शंभर आणि पाटील एक, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. परंतु ह्या थोड्यांवरच पुष्कळ अवलंबून असतें. ते सूत्रकृमि, उडते सूक्ष्म किडे आणि इतर कीटकांचीं अंडीं खातात व त्यांची पैदास आटोक्यांत ठेवतात. त्यांतील कित्येक शेणकिड्यांच्या व माशांच्या अंगावर बसून एका पोवट्यापासून दुसऱ्या पोवट्यापर्यंत जातात. त्यांस मुख्यतः दोन गोष्टी लागतात: पायांखालीं न ढवळलेली माती, आणि वर तिची ओल धरून ठेवणारा पाचोळा. झुडुपी रानांत ह्या दोन्ही गोष्टी झुडुपाच्या बुंध्याशीं एकत्र मिळतात. दोन झुडुपांमधली उघडी जमीन उन्हानें भाजून निघत असली, तरी करवंदीच्या जाळीखालीं चैत्रांतही हात घातला तर गारवा लागतो. म्हणून झुडुपी रानांतील शिकारी कोळ्यांची वस्ती सलग नसते. ती बेटाबेटांनीं असते.

आतां ही बेटें मूळचीं कोणाचीं, हा प्रश्न इतिहासाचा आहे. उरण-पनवेलकडील टेकड्यांवरचें झुडुपी रान ही निसर्गानें जशीच्या तशी दिलेली देणगी नव्हे. कोंकणांत डोंगर-उताराच्या हलक्या जमिनीस वरकस म्हणतात. तींत कांहीं वर्षांआड नाचणी-वरी करावयाची आणि मग ती पड टाकावयाची, अशी वहिवाट होती. भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याकरितां झाडांच्या फांद्या, म्हणजे कवळ, ह्याच उतारावरून तोडून आणीत. शेण, कवळ, गवत आणि माती ह्यांचे थर देऊन उन्हाळ्यांत तो राब पेटवीत. वर्षानुवर्षें कवळ तोडल्यानें झाडें खुरटलीं. गुरें चरल्यानें कांटेरी जातीच टिकल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं परदेशांतून आणलेली घाणेरी मग त्यांच्यामध्यें शिरली. राबाच्या ह्या हक्कावरून सरकार आणि रयत ह्यांच्यांत कसा तंटा माजला, हें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां नेमलेल्या जंगल कमिशनाच्या १८८७ च्या अहवालांत पाहावयास मिळतें. आणि तोच जंगलाचा प्रश्न २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरण तालुक्यांतील चिरनेर येथें गोळीबारापर्यंत गेला. सांगावयाचें तें एवढेंच, कीं हें रान मनुष्यानें तोडलें, चारलें, जाळलें. पण सरसकट खणलें कधीं नाहीं. बांध, जाळ्या आणि खडकाळ कडा ह्यांखालची माती पिढ्यान् पिढ्या जागच्या जागीं राहिली. सरकारी दप्तरांत अशा जमिनीस 'पोटखराब' असें नांव आहे, म्हणजे जीस आकार बसत नाहीं ती. सारा देत नाहीं म्हणून खराब! महसुली कारकुनास दोष देतां येत नाहीं. त्याच्या रकान्यांत जें मावलें तें त्यानें लिहिलें.

अशा रानास केवळ रम्य मानणें मात्र चुकीचें होईल. इंद्रगोपाचा एक धाकटा चुलतभाऊ आहे. त्याचाही जीवनक्रम हाच: मोठा झाल्यावर मातींत राहून किड्यांचीं अंडीं खाणारा शिकारी, आणि पिलूंपणीं दुसऱ्याच्या अंगावर जगणारा. फरक इतकाच, कीं ह्याचें पिलूं नाकतोडा सोडून उंदीर-घुशी पसंत करतें आणि वाटेंत मनुष्य आला तर त्यासही डसतें. त्या दंशांतून जो ताप येतो त्यास झुडुपी रानावरूनच 'स्क्रब टायफस' असें नांव पडलें आहे. जपानी लोकांस तो फार दिवसांपासून ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्यानें हजारों शिपाई आजारी पाडले. १९४४ सालीं ज्या मणिपुरांत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण संगशकच्या टेकडीवर झुंजली, त्याच मुलखांत, इंफाळ येथें, ह्या तापाच्या संशोधनाकरितां खास प्रयोगशाळा उघडावी लागली. तेथील ऑडी नांवाच्या संशोधकाच्या ध्यानांत आलें, कीं रोगी कोळी सगळीकडे सारखे पसरलेले नसून बेटाबेटांनीं वसतात, आणि हीं बेटें बहुधा मनुष्यानें एकदां तोडून मग सोडून दिलेल्या, झुडुपें माजलेल्या जागीं असतात. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, कीं पिलूं आयुष्यांत सामान्यतः एकदांच डसतें. रोगाचें बीज त्यास आईच्या अंड्यांतूनच मिळालेलें असतें. १९४८ सालीं मलायांत क्लोरॅम्फेनिकॉल ह्या औषधाचा गुण सिद्ध झाला, आणि आज वेळीं ओळखल्यास ह्या तापावर खात्रीचा इलाज आहे. परंतु तो ओळखावा लागतो. २०१८ च्या पावसाळ्यांत नागपूर व विदर्भांत त्याची सांथ आली, तेव्हां महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षितांनीं त्याचें नांव प्रथमच वर्तमानपत्रांत वाचलें. तात्पर्य, खणून-भरून टाकलेली जमीन आणि मोडून सोडून दिलेली जमीन ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, आणि मातींतल्या शिकाऱ्यांच्या हिशेबीं दोहोंचे परिणामही निराळे होतात.

न्हावा-शेव्यास ह्यांपैकीं पहिली गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीच्या समोर, न्हावें आणि शेवें हीं दोन निरनिराळीं गांवें. भोंवतीं खाडी, मिठागरें, खारवट भातशेती आणि मागें झुडुपी टेकड्या. वस्ती मुख्यतः आगरी-कोळ्यांची. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईकरितां ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादन करण्याचें ठरलें. मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला. १९८४ च्या जानेवारींत, १६ व १७ तारखांस, दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. त्या लढ्यामुळेंच पुढें प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व सरकारास मान्य करावें लागलें. २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. मृग निघण्यास त्या वर्षीं दोनच आठवडे उरले होते. टेकड्या कापून निघालेला मुरूम दलदलींत पडला. जेथें डोंगर होता तेथें सपाटी झाली आणि जेथें पाणी होतें तेथें जमीन. २०२४ च्या १२ जानेवारीस शिवडीपासून ह्या किनाऱ्यापर्यंतच्या २१.८ किलोमीटरच्या पुलाचेंही उद्घाटन झालें. बंदराची उपयुक्तता नाकारणारा मी नव्हे. मुंबईच्या जुन्या गोद्यांवरचा भार त्यानें हलका केला आणि हजारों घरांस पोटापाण्याचा धंदा दिला. पण जमिनीचा हिशेब चौरस मीटरांत केला, म्हणजे कोणतीही एक जमीन दुसरीच्या बदल्यांत देतां येते असें वाटूं लागतें. शेव्याच्या कोळ्यांना ह्या समजुतीची किंमत मोजावी लागली.

बंदराकरितां शेवा कोळीवाड्यांतील सुमारें अडीचशें कुटुंबांना उठवून उरणजवळ नवी वस्ती करून देण्यांत आली. तिचें नांव हनुमान कोळीवाडा. जमीन मोजून दिली, घरें बांधलीं गेलीं, आणि कांहीं काळानें त्या घरांस वाळवी लागली. चौकटी, वांसे, कपाटें, कागदपत्रें, जें जें लांकडाचें आणि कागदाचें होतें तें तें ती पोखरूं लागली. औषधें मारून झालीं. ती पुन्हा येई. समुद्रावर नांवेचें लांकूड संभाळण्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या लोकांना जमिनीवर आल्यावर घराची चौकट राखतां येईना. दुसऱ्या जागेची मागणी, अर्ज, मोर्चे आणि बंदराच्या जलमार्गांत होड्या उभ्या करण्यापर्यंतचीं आंदोलनें, असा हा क्रम तीस वर्षांहून अधिक काळ चालला.

इंद्रगोप असते तर हीं घरें वांचलीं असतीं, असें म्हणण्याचा माझा मुळींच मानस नाहीं. वारुळाच्या पोटांतील राणीपर्यंत त्यांची पोंच नसते. वर्षांतून एकदां बाहेर पडणाऱ्या पंखवाल्या वाळव्या तेवढ्या त्यांच्या वांट्यास येतात, आणि त्यांतही मुंग्या, बेडूक व पांखरें वांटेकरी असतात. मला दिसतें तें निराळें. वाळवी कोणत्या जमिनींत आहे आणि तिचे शत्रु कोणत्या, ही गोष्ट मोजणीदाराच्या सांखळीस कळत नाहीं. जुन्या खेड्यांत ती कोणीं ना कोणीं जाणून असे. अमुक माळावर घर बांधूं नये, अमुक बांध उकरूं नये, अमुक जाळीखालीं गुरें बसवूं नयेत, असें म्हातारीं माणसें सांगत, आणि आम्हीं शिकलेल्यांनीं त्यास देवभोळेपणा म्हणून बाजूस सारलें. त्यांतलें पुष्कळसें देवभोळेपण होतें हेंही खरें.

गेल्या मृगांत उरण तालुक्यांतील एका न कापलेल्या टेकडीच्या पायथ्याशीं जाण्याचा योग आला. खालून रस्त्यानें मालाच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्यांची रांग चालली होती. आदल्या रात्रीं पाऊस झाला होता. करवंदीच्या एकाच जाळीभोंवतीं मीं अकरा इंद्रगोप मोजले. पन्नास पावलांवर, जेथें मुरुमासाठीं उतार कापला होता, तेथें एकही नव्हता. बरोबरच्या मुलानें एक उचलून तळहातावर घेतला आणि हा काय खातो असें मला विचारलें. मीं उत्तर देण्यापूर्वींच एक पंख झडलेली वाळवी गवतांतून सरपटत आली. मुलानें तळहात जमिनीला लावला. कोळी थोडा वेळ पाय आंखडून बसला, मग उतरला आणि तिच्या मागें चालूं लागला.